कॉलनीच्या ओपन स्पेसचं लँडस्केपिंग : आखणी झकास, पाण्याचं काम कच्चं

कोल्हापूरच्या उपनगरातली २० गुंठे जागा, स्थानिक लँडस्केप डिझायनरचं काम. पहिला पावसाळा सरल्यावरचा हा अभिप्राय.

आखणीला पाचपैकी साडेचार. नकाशा काढायच्या आधी रहिवाशांना जागेवर बोलावून फक्कीनं वाटा आखून घेतल्या. माणसं जिथून आपसूक चालतात तिथेच वाट आली, त्यामुळे झुडपं तुडवून कुणी आडवाट पाडलेली नाही. मधोमध लॉन न लावता मुरमाचं मैदान सोडलंय. फुटबॉलच्या या गावात लॉन महिनाभर टिकलं असतं तर नवल! कट्टे ४५ सेंमी उंच, बसायला नेमके. पण पाठ टेकायची सोय दोनच कट्ट्यांना, आणि संध्याकाळी आजी-आजोबांची त्या दोनांवरच गर्दी.

झाडं इथलीच: बहावा, ताम्हण, करंज, कडेला अडुळसा नि निर्गुडी. निवड चोख, लावणी नाही. काळ्या चिकण मातीत ३ फूट खोल खड्डे काढून ते नुसत्या भुसभुशीत खतमातीनं भरले. असा खड्डा हंड्यासारखा पाणी धरून बसतो आणि मुळं कुजतात. बहाव्याची रोपं त्यातच गेली. इथे खड्डा खोलीपेक्षा रुंद हवा, त्याच मातीत एक तृतीयांश शेणखत मिसळावं आणि रोप जमिनीपासून चार बोटं उंच, वरंब्यावर लावावं. करंज तर थेट विजेच्या तारांखाली लावलेत, म्हणजे दरवर्षी छाटणी आलीच.

खरी गफलत पाण्यात. शहरात वर्षाला हजार मिमीच्या आसपास पाऊस, म्हणजे एवढ्या जागेवर २० लाख लिटर. चराला १०० फुटांना १ फूट उतार दिलाय तो बरोबर, पण शोषखड्ड्याच्या तोंडाशी गाळकुंडीच नाही. मैदानाचा मुरूम वाहत आला, दगडांमधल्या फटी बुजल्या आणि जुलैत वाटेवर घोटाभर पाणी. २ बाय २ फुटांची कुंडी बांधून पावसाळ्यात दर पंधरवड्याला खोऱ्यानं गाळ उपसला तर हे सुटतं. शोषखड्ड्यात खाली मोठे दगड, वर ४० मिमी खडी, मग जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं) कापड आणि त्यावर जाड वाळू, असा क्रम ठेवावा.

या डिझायनरना काम द्यायला हरकत नाही. फक्त दोन उन्हाळ्यांचं पाणी, मेलेल्या रोपांची बदली आणि गाळ कुणी काढायचा हे करारात लिहून घ्या. तोंडी विचारलं तर उत्तर एकच: “बघू की!”