रॉकवेलची दोन चित्रं : खानावळ की फलाट?

अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेलची ही दोन्ही चित्रं ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकाची मुखपृष्ठं. ‘सेइंग ग्रेस’ 1951चं, ‘ब्रेकिंग होम टाइज’ 1954चं. यांतलं सरस कोणतं?

पहिल्यात स्टेशनाजवळच्या गजबजलेल्या खानावळीत एक आजी आणि नातू जेवणाआधी मान खाली घालून प्रार्थना करताहेत. त्याच टेबलावरची दोन तरुण पोरं टक लावून बघताहेत, एकाच्या ओठात सिगारेट तशीच. आपणही बघ्यांतलेच होतो, ही खरी गंमत. पण सगळं पहिल्या नजरेतच हाती येतं.

दुसऱ्यात बाप-लेक जुन्या ट्रकच्या पायरीवर आगगाडीची वाट बघत बसलेत. मुलगा कॉलेजला निघालाय : नवा सूट, कडक इस्त्री, नजर गाडी येईल त्या दिशेला. रापलेला बाप वाकून भलतीकडेच बघतोय. दोघांच्याही हॅट त्याच्याच हातात! कुत्र्यानं मुलाच्या मांडीवर डोकं टेकलंय. आई चित्रात नाही, पण मुलाच्या हातातल्या फीत बांधलेल्या डब्यात ती आहेच. रॉकवेलचे स्वतःचे मुलगेही तेव्हा घर सोडत होते.

लिलावात खानावळच वरचढ : 2013मध्ये 4 कोटी 60 लाख डॉलर. फलाटाला 2006मध्ये दीड कोटीच्या वर मिळाले, तेही मालकानं खोट्या भिंतीमागे लपवलेलं मूळ चित्र त्याच्या मुलांना सापडलं म्हणून. तोवर सगळे त्यानं केलेली नक्कलच अस्सल समजत होते.

माझं मत विचाराल तर फलाटच. त्या दोन हॅटसाठी.