पठारावरचा वारा की शिवारातलं ऊन?

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर जून ते सप्टेंबर असा वारा सुटतो की छत्री उलटी होते. पवनचक्क्या तेव्हाच भरभरून वीज देतात, नेमकी शेतीपंपांची मागणी कमी असताना. मार्चात ऊस पाणी मागतो, तेव्हा पाती रेंगाळतात.

सौरचं उलट. उन्हाळ्यात पॅनेल आणि पंप दोन्ही एकदमच जोरात. 1 मेगावॅटला साधारण 4 एकर जागा अडकते, हे खरं. पण कराड-पाटणकडं रात्री बॅटरी घेऊन, बिबट्याची धास्ती मनात ठेवून उसाला दारं धरणाऱ्याला विचारा, दिवसाच्या विजेची किंमत काय असते ती! म्हणून नवा पैसा आधी सौर फीडरवर, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीला दिवसा सौर वीज देण्यावर जावा, असं मला ठामपणे वाटतं.

वारा मात्र सोडू नये. ढगाळ पावसाळ्यात सौर मंदावतं, तेव्हा तोच धावून येतो. पठारावरची जुनी छोटी यंत्रं काढून 2-3 मेगावॅटची बसवावीत.

राहिली संध्याकाळ. कोयना जलविद्युत प्रकल्पाचे 1,960 मेगावॅट काही मिनिटांत सुरू होतात, पण त्यासाठी धरणाचं पाणी पश्चिमेकडं वळवायला वर्षाला 67.5 टीएमसीचीच (अब्ज घनफूट) मर्यादा आहे. दिवसा उन्हावर भागवलं, तर तेच पाणी दिवेलागणीला वापरता येईल.