मॅकवर जुने गेम: वाईन की पॅरलल्स?

सिडकोतल्या मावसभावाने ॲपलच्या एम१ चिपचा मॅकबुक एअर घेतला, ८ जीबी रॅमचा, आणि आता १९९९ चा एज ऑफ एम्पायर्स २ खेळायचाय म्हणे. मॅकवर थेट विंडोज चालू करायची ॲपलची सोय, बूट कॅम्प, एम१ वर नाहीच, त्यामुळे उरले दोन: विंडोजशिवाय विंडोजचे प्रोग्राम चालवणारं वाईन, आणि मॅकच्या आत विंडोज चालवणारं पॅरलल्स.

खर्च बघ आधी. वाईन फुकट, त्यावरच बनवलेला क्रॉसओव्हर पैसे देऊन, पण आधी ट्रायल मिळते. पॅरलल्सला वर्षाला पैसे, वर विंडोजचं लायसन्स वेगळं.

जागेचं तर बोलूच नको, वाईनमध्ये विंडोज टाकावंच लागत नाही, पॅरलल्समध्ये अख्खं विंडोज ११ बसतं आणि ८ जीबीतली निम्मी रॅम तेच खातं, मग मागे क्रोम उघडा ठेवलास की मॅक रडतो.

कटकट मात्र वाईनलाच जास्त. माझ्याकडे एका गेमचा मेनू अर्धा काळा, माऊस एका कोपऱ्यात अडकलेला, दोन चहा झाले तेव्हा विंडो मोडमध्ये टाकून चालला. पॅरलल्सला सरळ इन्स्टॉल होतं. पण सेफडिस्क लॉकची (सीडीची कॉपी रोखणारं जुनं कुलूप) जुनी सीडी असेल तर तिथेही गप्प, विंडोज १० पासून ते बंदच आहे, त्यापेक्षा ऑनलाइन दुकानात बिनलॉकची कॉपी मिळाली तर ती घे.

दोन-चार गेम आणि थोडी खटपट चालत असेल तर वाईन, नाहीतर क्रॉसओव्हर. टॅलीसारखं विंडोजचं कामही करायचं असेल, रॅमही १६ असेल, तरच पॅरलल्स. मावसभावाला वाईनच बस.