गोष्ट पक्की, शिलाई कच्ची : ‘पण लक्षात कोण घेतो!’

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा एका स्टॉलवरून हे पुस्तक घेतलं. घेण्याचं कारण एवढंच की मागच्या कव्हरवर छापलं होतं : हरि नारायण आपटे, जन्म १८६४, पारोळे. लग्न होऊन पारोळ्यात आले त्याला ३४ वर्षं झाली. किल्ल्यापासून रोजची येजा, बालाजीचा रथ एकदाही चुकवला नाही, पण हरिभाऊ इथले हे मला कुणी बोललं नव्हतं.

आधी प्रतीबद्दल. अक्षर मुंगीएवढं. तिसऱ्या आठवड्यात पुठ्ठा सुटला. त्याहून वाईट म्हणजे एक फॉर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, दोनदा लागलेला आणि पुढचा गायब. सोळा पानं! प्रकाशकाला फोन केला तर म्हणे पावती दाखवा. स्टॉलवर गर्दीत पावती कोण देतं? शेवटी गावातल्या वाचनालयातून जुनी प्रत आणली, सोळा पानांची झेरॉक्स काढली आणि खळीनं चिकटवली.

गोष्टीला मात्र नाव ठेवायला जागा नाही. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, ८६ व्या वर्षी वाचवत नाही, म्हणून रोज दुपारी मी मोठ्यानं वाचायचे. हरिभाऊंच्या ‘करमणूक’ साप्ताहिकात १८९० पासून ही कादंबरी हप्त्या-हप्त्यानं आली. त्यामुळे काही प्रकरणं उगाच ताणलीत. तिथे आत्याबाईंचा डोळा लागायचा. पण यमू, म्हणजे गोष्ट सांगणारी नायिका, बोलायला लागली की उठून बसायच्या. सव्विशीतल्या पुरुषानं माजघरातलं बोलणं इतकं नेमकं कुठून ऐकलं असेल? मैत्रीण दुर्गीचे हाल, सासरी वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी शब्द बोलायची चोरी. मग मुंबईचं बिऱ्हाड, नवऱ्याबरोबर वाचन, मोकळं हसणं. आणि नवरा गेल्यावर शंकरमामंजी जबरदस्तीनं यमूचं केशवपन करवतात, ते. हे हप्ते चालू होते तेव्हाच, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा आला. शरीरसंबंधाला संमती देण्याचं मुलीचं वय दहावरून बारा केलं, तर तेवढ्यावरून पुण्यात रान पेटलं होतं. हे माहीत असलं की यमूचं लहानपण वेगळंच वाचलं जातं.

केशवपनाचं प्रकरण संपलं. मी डोळे पुसतेय, आणि आत्याबाई म्हणाल्या, “माय वं, मंग तिना पाट काबर नही लावा?” म्हणजे, मग तिचा पाट का नाही लावला?

मला पटकन उत्तर सुचेना. आमच्यासारख्या शेतकरी घरांत पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, होताच. आत्याबाईंच्या चुलतीचाच झालेला. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, पण पाटाला कायद्याची वाट पाहावी लागली नाही. यमूचं घर मात्र ब्राह्मणाचं. तिथे बाई पुन्हा बोहल्यावर उभी राहणार नव्हती. समाजाचा आरसा, समाजाचा आरसा म्हणून या पुस्तकाचं कौतुक होतं ते खरंच आहे, फक्त आरसा टांगलाय पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरात. पारोळ्याबाहेरच्या शेतात राबणारी बाई त्यात दिसत नाही. मी हे बोलून दाखवलं तर आत्याबाईंनीच मला अडवलं. चुलतीचा पाट रात्री लागला, अंधारात, ना वाजा ना वऱ्हाड. सकाळी कुणाला तिचं तोंड बघायचं नव्हतं. “केस व्हतात तिना, बस,” म्हणाल्या आणि पुढचं वाच म्हणून खूण केली.

पुस्तकाला पाच तारे, या प्रतीला दोन. घेणार असाल तर स्टॉलवरच पानांचे आकडे तपासा, आणि पावती घ्या.

वाचून संपलं तरी आत्याबाई अधूनमधून मुंबईचा भाग परत वाचायला लावतात. झेरॉक्सची पानं नेमकी तिथलीच. खळीनं कडक झालीत, त्यामुळे पुस्तक आपोआप तिथेच उघडतं.