लालबागची मिरची गल्ली आणि आमच्या घरचा मसाला

सलग चौथ्या वर्षी आम्ही वर्षाचा मसाला लालबागच्या मिरची गल्लीतून करून आणला. आम्ही दोघं जर्मनीत स्टुटगार्टला राहतो. नवरा गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन करतो, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. ईस्टरच्या सुट्टीला रजा जोडून एप्रिलमध्ये मुंबईला येतो, आणि त्या दोन-अडीच आठवड्यांतला एक अख्खा दिवस या गल्लीसाठी राखून ठेवतो. परदेशी राहणारे बरेच मित्र विचारतात की पाकिटातला मसाला हल्ली सगळीकडे मिळत असताना इतका खटाटोप कशाला. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

माझं माहेर काळाचौकीचं, मूळ कणकवलीचं. नवरा साताऱ्याचा. म्हणजे माझ्या जिभेवर मालवणी मसाला आणि त्याच्या जिभेवर कांदा-लसूण मसाला. मुंबईत असतो तर दोन्ही घरून डबे आले असते आणि प्रश्न कधी उभाच राहिला नसता. तिकडे एकच स्वयंपाकघर, एकच छोटं कपाट आणि रात्री साडेसहाला घरी पोचलेली दोन दमलेली माणसं. डिसेंबरात स्टुटगार्टला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. ऑफिसातून निघताना मिट्ट काळोख असतो, घरी आल्यावर भूक लागलेली असते आणि स्वयंपाकाला जेमतेम अर्धा तास. त्या अर्ध्या तासात आमटी किंवा अंड्याचा रस्सा मनासारखा व्हायचा, तर मसाला चांगलाच हवा. दुसरा उपाय नाही.

पहिली दोन वर्षं आम्ही तिथल्या श्रीलंकन तमिळ दुकानातून मिळेल ते आणलं. मसाले वाईट नव्हते, पण ते दुसऱ्या कुणाच्या घरचे होते. मग मी स्वतः करायचं ठरवलं. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात भाड्याच्या घरातसुद्धा झोपायच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये धुराची सूचना देणारं यंत्र कायद्याने लागतं. जानेवारीत, खिडक्या बंद असताना, मी अर्धा किलो मिरच्या भाजायला घेतल्या. यंत्र वाजायला लागलं, नवरा खोकत खिडक्या उघडत धावला आणि खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई नाकाला रुमाल लावून वर आल्या. त्या रागावल्या नाहीत, काळजीने आल्या होत्या. पण मिरच्या भाजायची जागा ही नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या एप्रिलमध्ये आई म्हणाली, "लालबागाक जाऊया, थंय सगळा करून देतत." लहानपणी मी तिच्याबरोबर त्या गल्लीत जायचे, पण फक्त शिंका आठवत होत्या.

चिंचपोकळी स्टेशनला उतरून लालबागच्या दिशेने चालत जायचं. गल्ली जवळ आली हे नाक आधी सांगतं. दुकानांपुढे पोत्यांतून मिरच्यांचे ढीग, आणि प्रत्येक ढिगाचा लाल वेगळा. ब्याडगी सुरकुतलेली, गडद, जवळजवळ मरून. संकेश्वरी लांब, सडपातळ, उजळ. लवंगी नखाएवढी. काश्मिरी रुंद आणि चकचकीत. ब्याडगी येते कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातून. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा, म्हणून रश्श्याला तांबडा रंग हवा पण डोळ्यांत पाणी नको असेल तर तीच घ्यायची. संकेश्वरीचं नाव बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरवरून आलंय, आणि ती झणका देते. नुसती एक घेऊन भागत नाही. मसाल्याची खरी बांधणी मिरच्यांच्या प्रमाणात असते, हे मला या गल्लीने शिकवलं.

आम्ही ज्यांच्याकडे जातो ते काका साठीच्या आसपासचे आहेत. पहिल्या वर्षी मी त्यांच्यापुढे दोन याद्या ठेवल्या, एक आईची, एक सासूबाईंची, आणि म्हटलं की दोन्ही दीड-दीड किलो करून द्या. त्यांनी दोन्ही याद्या वाचल्या. मग विचारलं, "ताई, कुठे नेणार?" जर्मनी म्हटल्यावर त्यांनी पेन काढलं आणि सासूबाईंच्या यादीतल्या तीन ओळींखाली रेघ मारली: कांदा, लसूण, सुकं खोबरं.

"हे तिकडे मिळतं ना? मग इथून कशाला नेताय? तळलेला कांदा आणि खोबरं घातलं की वजन वाढतं, तेल सुटतं, आणि खोबरं वर्षभरात खवट होतं. कोरडा मसाला न्या. कांदा-लसूण तिथे आयत्या वेळी परता."

मग नवऱ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "साताऱ्याच्या मसाल्यात तुम्हाला नक्की काय आवडतं? झणका की कांद्याचा गोडवा?" चार वर्षं संसार केल्यावरही मी त्याला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. तो म्हणाला, झणका. मला काय हवं तेही विचारलं. मी म्हटलं, दगडफुलाचा आणि बडीशेपेचा वास. त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर तिसरी यादी लिहिली. तीच आजवर चालू आहे: ब्याडगी १ किलो, संकेश्वरी अर्धा किलो, लवंगी १०० ग्रॅम, धणे अर्धा किलो, बडीशेप १०० ग्रॅम, आणि थोड्या थोड्या प्रमाणात दगडफूल, नागकेशर, चक्रीफूल, दालचिनी, लवंग, काळी मिरी, मसाला वेलची, जायपत्री, तमालपत्र, शहाजिरे, मोहरी, हळकुंड आणि खडा हिंग.

मला या जागेबद्दल सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. इथे तयार मसालाही मिळतो आणि चांगला मिळतो, पण तुम्ही यादी घेऊन गेलात तर ती माणसं तुमची यादी ऐकतात, त्यावर बोलतात आणि तुमचाच मसाला करून देतात.

आता काम कसं चालतं ते. मिरची आधी हातात घेऊन मोडून पाहायची. कडकन मोडली तर वाळलेली. वाकली तर ओल आहे, घेऊ नये. देठ काढायला मावश्या बसलेल्या असतात, त्यांची मजुरी किलोवर. स्वतः काढायला बसलात तर दुपार जाते आणि रात्रभर बोटांची आग होते, म्हणून ती मजुरी आनंदाने द्यावी. मग मोठ्या लोखंडी कढईत भाजणं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजतात, कारण धण्यांना वेळ लागतो आणि शहाजिरे क्षणात जळतं. मिरच्यांना अगदी हलकी आच. त्यानंतर डंका. ओळीने उभे लोखंडी मुसळ, खाली उखळ, आणि एका लयीत धाड धाड वर-खाली. चक्कीत दळताना मसाला तापतो आणि वास देणारं तेल उडून जातं. डंकावर कुटला की तो कमी तापतो, रंग टिकतो आणि पूड थोडी भरड राहते. मग चाळायचं, वर राहिलेला चाळ पुन्हा उखळात. तोंडाला फडकं बांधून दिवसभर त्या धुरळ्यात उभी राहणारी माणसं पाहिली की घासाघीस करायचं मन होत नाही. मी कुटाईच्या मजुरीवर कधीच घासाघीस केलेली नाही.

भाव लिहीत नाही, कारण मिरचीचा भाव सारखा बदलतो. एवढं सांगते की वजन समोर होतं आणि मजुरी आधी सांगतात.

सगळंच गोड नाही. दुसऱ्या वर्षी काकांकडे खूप गर्दी होती म्हणून आम्ही दुसरीकडे माल दिला आणि जेवायला निघून गेलो. परत आलो तेव्हा पिशव्या भरून तयार होत्या, हाताला अजून गरम लागत होत्या. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मसाला गरम असतानाच पिशवीत बंद केला की आत वाफ धरते. नोव्हेंबरात तिसरी पिशवी फोडली तर मसाल्याच्या गाठी झालेल्या आणि कुबट वास. जवळजवळ एक किलो टाकून द्यावा लागला. तिकडे बसून एक किलो मसाला टाकताना काय वाटतं ते सांगता येत नाही. पुढचे पाच महिने आम्ही चमचा मोजून वापरला. तेव्हापासून नियम केला: भाजण्यापासून पिशवी बंद होईपर्यंत आपल्यातलं कुणीतरी तिथे बसायचं, आणि मसाला कागदावर पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय भरू द्यायचा नाही.

होळीनंतर मे महिन्याच्या मध्यापर्यंत गर्दी फार असते. पावसाळ्याआधी सगळ्या मुंबईला मसाला करायचा असतो. शनिवार-रविवार टाळा, सकाळी दुकानं उघडताना पोचा. दम्याचा त्रास असेल तर गल्लीत जाऊच नका, यादी देऊन दुसऱ्या कुणाला पाठवा. बसायला धड जागा नाही. आईसाठी आम्ही घडीचं स्टूल घेऊन जातो.

सामानाबद्दल, कारण हे बहुतेकांना उशिरा कळतं. मसाला चेक-इन बॅगेतच घालायचा, हातातल्या बॅगेत मिरचीपूड नेऊ देत नाहीत. दुकानात पिशवी गरम सीलने बंद करून मिळते. घरी आणून तिच्यावर दुसरी पिशवी आणि मग जुन्या चादरीची घडी. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यामुळे आईच्या हातचं साजूक तूप आणि पेढे इथेच ठेवावे लागतात. ताजा कढीपत्ताही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. कोरड्या मसाल्याला आम्हाला आजवर कुणी अडवलेलं नाही. आणि आमच्या यादीत खसखस का नाही, ते मुद्दाम सांगते. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि आमचं विमान कधी कधी तिथे बदलतं. मालवणी मसाल्यात खसखस हवी, असं आईचं ठाम मत आहे, पण हे कारण तिने मान्य केलं. तिरफळं मात्र कुटायची नाहीत, अख्खीच न्यायची. आम्ही छोटी पुडी वेगळी नेतो आणि तिथल्या माकरेलच्या, म्हणजे आपल्या बांगड्याच्या भावंडाच्या, तिखल्यात (माशाच्या तिखट कालवणात) घालतो.

तिकडे पोचल्यावर एक डबा बाहेर, त्यात हिंगाचा खडा; बाकीचा फ्रीजरमध्ये. काकांनी रेघ मारलेला कांदा-लसूण आता नवऱ्याच्या ताब्यात आहे. दर शनिवारी दुपारी तो आठवड्याचं वाटण करतो: कांदा उभा चिरून, खोबऱ्याचा कीस घालून, तांबूस होईपर्यंत परतून. शनिवारीच, कारण आमच्या इमारतीत रविवार शांततेचा असतो आणि मिक्सरचा आवाज बरा दिसत नाही. हे वाटण काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये जातं. मग मंगळवारी रात्री पावणेसातला तेलात एक चमचा वाटण, दीड चमचा मसाला, उकडलेली अंडी, पाणी, मीठ. सव्वासातला आम्ही जेवायला बसलेले असतो. रश्श्यावर तांबडी तर्री येते, पहिला घास माझ्या माहेरचा लागतो आणि मागून येणारा झणका त्याच्या घरचा. दोघांच्या आयांनी असा मसाला कधी केला नव्हता. हा मसाला आमच्या दोघांच्या घरचा आहे. परक्या शहरात, भाड्याच्या घरात, ज्या थोड्या गोष्टींबद्दल मी असं म्हणू शकते, त्यांत तो पहिला.

यंदा सासूबाई मुद्दाम साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांनी आणि आईने दोन स्टुलांवर बसून सकाळी दहापासून दुपारी अडीचपर्यंत सगळं काम डोळ्यांखाली घातलं. सासूबाईंनी मिरच्या दोनदा परत करून दुसऱ्या पोत्यातल्या काढायला लावल्या, काकांनी न कुरकुरता काढल्या. दगडफूल कमी भाजलंय असं आई म्हणाली, तेही पुन्हा कढईत गेलं. चाळून झाल्यावर दोघींनी चिमूटभर तळहातावर घेऊन चाखला. काही बोलल्या नाहीत. मग सासूबाईंनी पर्समधून पिशवी काढली आणि काकांना म्हणाल्या, "यातला अर्धा किलो मला वेगळा द्या." आईनेही पाव किलो घेतला.

गेल्या रविवारी साताऱ्याहून फोन आला. पिठल्याला आणि वांग्याला छान लागतो, पण पुढच्या वर्षी लवंगी ५० ग्रॅम वाढवा, असा निरोप आहे. यादीवर लिहून ठेवलंय.