बॅटरीवरची टूल्स घेताय? आधी बॅटरी बघा, मग मशीन

दसरा-दिवाळीच्या ऑफरा लागल्या की ओळखीतल्या निम्म्या लोकांना कॉर्डलेस ड्रिल घ्यायचं असतं आणि प्रश्न ठरलेला, कुठलं मशीन भारी. मशीनं नावाजलेल्या कंपन्यांची सगळीच बऱ्यापैकी आहेत हो, पैसे जातात ते बॅटरीत. ५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) एक ओरिजनल बॅटरी घ्यायला गेलं की जवळजवळ नुसत्या मशीनएवढा आकडा होतो, आणि एकदा एका कंपनीची बॅटरी न् चार्जर घरात आला की पुढचं ग्राइंडर, ब्लोअर, करवत सगळं त्याच घरचं घ्यावं लागतं. ड्रिल घेतोय असं वाटतं पण खरं तर सोयरीक जुळवतोय आपण.

माझं काम दोन्हीकडचं. पत्र्याच्या शेडची फॅब्रिकेशनची कामं घेतो आणि तासगाव भागात घरची द्राक्षबाग आहे. माझ्याकडे मकिताचं १८ व्होल्ट एलएक्सटी आहे. २००५ पासून ही लाईन चालू आहे आणि कंपनी सांगते की तीनशेच्या वर मशीनं तिच्यावर चालतात, आपल्याकडे तालुक्याच्या दुकानात त्यातली मूठभरच दिसतात ते सोडा. जोडीदाराकडे बॉशची निळी आहेत, तीपण दणकट. फक्त निळी म्हणजे प्रोफेशनल आणि हिरवी म्हणजे घरगुती लाईन, दोन्हीवर १८ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी एकाची बॅटरी दुसऱ्याला बसत नाही, ऑनलाइन ऑफर बघून घेणाऱ्यांनी हे आधी बघा.

आता व्होल्टचा घोळ. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा, फुल चार्ज झाला की ४.२. असे पाच सेल एका ओळीत जोडले की १८ व्होल्ट, आणि फुल चार्जला २१. म्हणून कोणी १८ लिहितो, कोणी २० मॅक्स लिहितो, कोणी २१, माल एकच. पण हल्ली ऑनलाइन ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ, १२८ व्हीएफ असली स्टिकरं लावून इम्पॅक्ट गन (ठोके देत नट-बोल्ट फिरवणारं मशीन) येतायत बघा, दोन बॅटऱ्या, पेटी, सॉकेटचा सेट सगळं मिळून ओरिजनलच्या एका बॅटरीच्या भावात. चुलतभावाने एक मागवली होती, नाव कधी न ऐकलेलं, बॅटरीवर ८८ छापलेलं. मल्टीमीटर लावला तर २०.६. बॅटरी हातात घेतली तरी हलकी लागत होती, उघडली तर आत पाचच सेल आणि सेल बॅलन्स करणारं सर्किट वगैरे काही नाही. सुरुवातीला चालली पण, खोटं कशाला बोलू, मोटारसायकलचे नट काढले तिने. पावसाळ्यानंतर एक बॅटरी चार्जच घेईना आणि दुसरी गरम व्हायला लागली म्हणून त्यानेच ती घराबाहेर ठेवली.

म्हणून स्टिकरवरचा मोठा आकडा सोडा, व्होल्ट गुणिले एएच करा. १८ गुणिले ५ म्हणजे ९० वॉट-अवर. आता चार इंची ग्राइंडर लोखंड कापताना ६०० वॉट ओढतोय असं धरा, ९० वॉट-अवर किती वेळ पुरणार, नऊ मिनिटं. संपलं. यात कुठल्या कंपनीचा दोष नाही, गणितच तसं आहे. शेडवर चढून एखादा अँगल छाटायचा, गंजलेला बोल्ट उडवायचा, तेवढ्याला कॉर्डलेस ग्राइंडर झकास. दिवसभर पाइप कापायचे असतील तर गपगुमान वायरचं मशीन किंवा चॉपसॉ (पाइप कापायचा बसका मोठा कटर) लावा. आणि ग्राइंडरला २ एएचची बॅटरी लावू नका, तिच्यात पाचच सेल असतात आणि सगळा भार त्यांच्यावरच येतो, ५ एएचमध्ये साधारण दहा असतात, पाच-पाचच्या दोन ओळी, म्हणून तो वाटला जातो. वेळ तर जास्त मिळतोच पण जोरही टिकतो.

शेतीत सगळ्यात जास्त पैसा वसूल झाला तो अर्धा इंची इम्पॅक्ट रेंचवर, म्हणजे चांगल्या कंपनीच्या इम्पॅक्ट गनवर. सहा फुटी रोटाव्हेटरला साधारण ४२ ते ४८ पाती, प्रत्येक पात्याला दोन बोल्ट, म्हणजे शंभराच्या आसपास बोल्ट, आणि ते सगळे मातीने भरलेले, गंजलेले, निम्म्यांचे कोपरे झिजलेले. आधी पान्ह्यात पाइप घालून दोघंजण लोंबकळायचो आणि बोटांची सालपटं निघायची. आता तारेच्या ब्रशने माती काढायची, डिझेल मारून थोडा वेळ सोडायचं आणि गन लावायची, तडतड तडतड करत सुटतात, एखादा हट्टी निघालाच तर तो तुटतो, तो तसाही बदलायचाच असतो. पण बसवताना गन पूर्ण दाबून धरू नका, ट्रिगर सोडत सोडत बसवा आणि शेवटचा आवळा हाताच्या पान्ह्याने द्या, नाहीतर नवे बोल्ट ताणले जातात. सॉकेट काळं इम्पॅक्टवालंच घ्या, चकचकीत क्रोमवालं फुटून तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

पत्र्याच्या कामाला लोक इम्पॅक्ट ड्रायव्हर (तसेच ठोके देत स्क्रू बसवणारं मशीन) घेतात, मला त्यापेक्षा क्लचवाला ड्रिल-ड्रायव्हर बरा वाटतो. सेल्फ ड्रिलिंग स्क्रूखाली जो रबरी वॉशर असतो तो इम्पॅक्टने चेपून बाहेर येतो आणि पहिल्याच पावसात तिथून गळती, मग मालक आपल्याला बोलवून दाखवतो. क्लच असला की ठरवलेल्या जोरानंतर तो घसरतो आणि स्क्रू जास्त आवळला जात नाही. बाकी शेडवर कॉर्डलेसला पर्यायच नाही. नवीन साइटवर मीटर आलेला नसतो, रानात थ्री फेज रात्रीची, आणि वर पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीवर) उभं राहून पायात वायर घोटाळत काम करणं म्हणजे कपाळमोक्ष ठरलेला.

आरसीसीला साध्या हॅमर ड्रिलने जीव काढू नका, एसडीएस प्लसवालं (खाचेचं बिट बसणारं, ठोके देत भोक पाडणारं) रोटरी हॅमरच लागतं. १८ व्होल्टवर ६-८-१० मिलीची होलं आरामात होतात. १६ मिलीच्या पुढे आणि तोडफोडीला वायरवालं.

छाटणीच्या बॅटरी कात्रीबद्दल बरेच विचारतात. डाळिंब, पेरू, सीताफळ असेल तर घ्या, अंगठ्यापेक्षा जाड फांदी एका दाबात जाते आणि संध्याकाळी मनगट शाबूत राहतं. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला मात्र मला तितकी पटली नाही, काड्या बारीक, आणि एकरावर काम घेणारी टोळी साध्या कात्रीने इतकी झपाझप जाते की बॅटरीवाला मागेच राहतो. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीला जाड ओलांडे (वेलीचे आडवे हात) काढायला ठीक. दुसऱ्या हाताची बोटं सांभाळा, ही कात्री फांदी आणि बोट यात फरक करत नाही.

बॅटरी सांभाळायची पद्धत फवारणी पंपासारखी नाही, इथे बरेच जण फसतात. पंपात बहुतेक १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असते, ती ठेवताना फुल चार्ज करून ठेवावी लागते. लिथियमचं उलटं, महिना-दोन महिने काम नसेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून मशीनमधून काढून ठेवा. पार रिकामी ठेवलीत तर सेल इतके खाली जातात की चार्जर तिला ओळखतच नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हाने सेल मरतात. गरम बॅटरी लगेच चार्जरला लावली तर चांगला चार्जर थांबून राहतो, तो बिघडला म्हणून त्याला शिव्या देऊ नका.

घेताना बिल पक्कं घ्या, बॅटरीची वॉरंटी मशीनइतकीच आहे की कमी ते विचारा कारण ती बऱ्याचदा वेगळी असते, आणि सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावाला तरी आहे का बघा. डुप्लिकेट बॅटऱ्या हुबेहूब पॅकिंगमध्ये येतात, भाव फारच कमी सांगितला तर समजून जा. ब्रशलेस (मोटारीत कार्बन ब्रश नसलेलं) मशीन थोडं महाग पडतं पण कार्बन बदलायची कटकट नाही आणि त्याच बॅटरीवर काम जास्त निघतं, बजेट बसत असेल तर तेच. पहिल्यांदा घेणाऱ्याने ड्रिल, इम्पॅक्ट रेंच, ५ एएचच्या दोन बॅटऱ्या आणि फास्ट चार्जर एवढंच घ्यावं, ग्राइंडर नंतर बॅटरी-चार्जरशिवाय नुसती बॉडी मिळते ती घेता येते. चार्जरमध्ये मात्र काटकसर नको, लाइट दोन तास येऊन परत जाणार असेल तर तेवढ्यात दोन्ही बॅटऱ्या भरल्या पाहिजेत.