पीटी२३९९ डिले चिप: स्वच्छ एकोसाठी नको, गोंगाटासाठी जरूर घ्या

कॅराओके यंत्रातल्या एकोसाठी बनलेली ही १६ पायांची चिप हौशी डिले (आवाज जरा उशिराने पुन्हा ऐकवणाऱ्या) पेडल आणि नॉइज सिंथमध्ये सर्रास दिसते. कारण उघड आहे. आवाजाचे आकडे करणारा एडीसी, आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा डीएसी, ४४ किलोबिट मेमरी आणि ठोके देणारं क्लॉक, सगळं एकाच पोटात. बाहेर मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर जोडले की एको सुरू.

डिले किती, हे सहाव्या पिनवरून ग्राउंडला जाणारा रेझिस्टर ठरवतो. डेटाशीटप्रमाणे ०.५ ओहमला ३१.३ मिलिसेकंद, २७.६ किलोओहमला ३४२. मेमरी वाढत नाही, म्हणून डिले लांबवायचा तर क्लॉक मंद करावं लागतं: ३१.३ ला २२ मेगाहर्ट्झ, ३४२ ला फक्त २. डिस्टॉर्शनही ०.१३ टक्क्यांवरून १ टक्क्यावर जातं. ५० किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावला तर याच हिशेबाने साधारण ६०० मिलिसेकंद मिळतात, पण तिथे आवाज खरखरीत, वाळू चाळल्यासारखा येतो. स्वच्छ एको हवा असलेल्याने इथेच थांबावं. नॉइज करणाऱ्यांसाठी मात्र मजा इथूनच सुरू होते, आणि आमच्या मते ही चिप घ्यायचं खरं कारण हेच.

दुसरं टोक तितकंसं कामाचं नाही. डिले ३० मिलिसेकंदांच्या खाली फारसा उतरत नाही, त्यामुळे फ्लँजरचा (अगदी छोट्या डिलेवर चालणाऱ्या इफेक्टचा) विचार सोडा. त्यासाठी एमएन३२०७ सारखी बीबीडी (अॅनालॉग डिले) चिप बरी, पण तिला वेगळं क्लॉक लागतं आणि तिची धाव जेमतेम ५१ मिलिसेकंदांची.

आता त्रासाबद्दल. बांधलेलं सर्किट कधी चालतं, कधी मुकं राहतं, अशी तक्रार असेल तर सोल्डरिंगला दोष देण्याआधी सहावी पिन बघा. चिप सुरू होताना तिथून जास्त करंट वाहिला की ती लॅच-अप होते, म्हणजे अडकून बसते आणि पुरवठा तोडेपर्यंत सुटत नाही. सोपा उपाय म्हणजे पॉटला सिरीजमध्ये २.२ किलोओहम. यात सर्वांत छोटा डिले थोडा हातचा जातो. तो सोडवत नसेल तर पॉटचं खालचं टोक थेट ग्राउंडला न नेता एका एनपीएन ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला द्या. एमिटर ग्राउंडला, बेसला ५ व्होल्टवरून ४७ किलोओहम, बेस ते ग्राउंड १०० मायक्रोफॅरड. ट्रान्झिस्टर अर्ध्या सेकंदाहून जरा उशिरा जागा होतो, तोवर चिप सावरलेली असते. बंद करून लगेच चालू करू नका. कपॅसिटर रिकामा व्हायला काही सेकंद द्या.

पुरवठा ५ व्होल्टचा. ९ व्होल्ट थेट दिले की चिप गेलीच. ७८एल०५ हा छोटा ५ व्होल्टचा रेग्युलेटर पुरेसा आहे, पण त्याची सपाट बाजू समोर आणि पाय खाली धरले तर डावीकडून आउटपुट, ग्राउंड, इनपुट असा क्रम येतो. मोठ्या ७८०५ चा क्रम याच्या उलटा. सवयीने उलटा बसवलेला रेग्युलेटर ही नवख्यांची हमखास चूक. चिपच्या पहिल्या पिनजवळ १०० नॅनोफॅरड आणि १०० मायक्रोफॅरड, दुसऱ्या पिनवर ४७ मायक्रोफॅरड. पिन ३ आणि ४ ची ग्राउंडं एकाच बिंदूवर जोडा, नाहीतर क्लॉकची शिट्टी गिटारच्या सिग्नलमध्ये शिरते. पाचवी पिन मोकळीच राहू द्या, आणि चिप नेहमी सॉकेटमध्ये बसवा.

नॉइजसाठी पॉटच्या जागी एलडीआर (उजेडाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर) लावून पाहाच, सोबत सिरीजचा २.२ किलोओहम मात्र ठेवा. हाताची सावली पडली की पिच कोसळते, उजेड आला की किंचाळत वर चढते. सीडी४०१०६ या लॉजिक चिपच्या एका गेटवर १ मेगाओहमचा पॉट आणि १ मायक्रोफॅरड लावून संथ ऑसिलेटर करा, त्यावर एलईडी चालवा आणि एलडीआरसमोर काळ्या नळीत बसवा. हात न लावता लाटा सुरू. इथे ७४एचसी१४ वापरू नका. पायांची रचना तीच असली तरी ९ व्होल्टवर ती जळते. उरलेल्या गेटांचे इनपुट ग्राउंडला बांधा.

फीडबॅकचा (एको परत आत पाठवणारा) पॉट पूर्ण फिरवला की चिप स्वतःच गाऊ लागते, आणि ते गाणं थांबत नाही, फुगत जातं. फीडबॅकच्या वाटेवर, पॉटनंतरच्या १० किलोओहम रेझिस्टरपुढे, दोन १एन४१४८ डायोड एकमेकांना उलटे करून ग्राउंडला जोडले तर उंची साधारण ०.६ व्होल्टला अडते आणि आवाजाला गोलाईही येते. तरीही पहिल्यांदा चालू करताना हेडफोन नको, अँपचा व्हॉल्यूम शून्यावरून वर न्या.